न जमलेली ज्योत

“पण आजोबा, दिवा कोणी बुझवला?” सानिकाने विचारलं.

“विझवला,” दिगंबर नाफडे म्हणाले. “बुझवला नाही. मराठीत विझवला म्हणायचं.”

“हां, विझवला. पण कोणी?”

रविवारची सकाळ होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात, हॉलमध्ये अंथरलेल्या जुन्या चादरीवर सहा मुलं पालथी पडून चित्रं काढत होती. पाण्याचा मग भरून आणायला अर्णव उठला, भिंतीशी उभ्या केलेल्या मोठ्या कॅनव्हासवरच्या कापडात त्याचा पाय अडकला आणि कापड खाली आलं. एरवी नाफड्यांनी ते लगेच उचलून पुन्हा टाकलं असतं. सात महिने त्या चित्रावर कापड होतं. घरातल्या माणसांनीसुद्धा ते पाहिलं नव्हतं, आणि घरातली माणसं म्हणजे त्यांची बायको कुसुम, एवढीच. पण आज चार वाजता गॅलरीचा टेम्पो येऊन ते घेऊन जाणार होता. मंगळवारी प्रदर्शन उघडल्यावर कोणीही येऊन ते बघणारच होतं. मग या सहा जणांनी आधी बघितलं तर बिघडलं कुठे, असं त्यांना वाटलं. शिवाय शिकवायची सवय. समोर चित्र आहे, मुलं आहेत, आणि गप्प बसायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

“आपला नियम काय?” ते म्हणाले. “दिसतं ते आधी सांगायचं, वाटतं ते नंतर. सांगा, काय काय दिसतंय?”

“कुसुमआजी!” दोघी-तिघी एकदम ओरडल्या.

“आजी पाटावर बसलीय.”

“पाटाच्या खाली पाणी आहे. पाण्यात जहाज पण आहे, एकदम छोटं.”

“साडीच्या बॉर्डरमधून पाइप निघालेत,” अर्णव म्हणाला. “आजोबा, हे तुम्ही मुद्दाम केलंय की चुकलंय?”

“मुद्दाम.”

“मग ठीक आहे,” अर्णवने मोठ्या मनाने माफ केलं.

मुलं हसली, तेही हसले. या मुलांना एवढं बोलतं करायला त्यांना दोन वर्षं लागली होती. गल्लोगल्लीच्या क्लबात होणाऱ्या ‘बॉशे आंको’ स्पर्धांसाठी, म्हणजे तिथेच बसून तिथेच चित्र काढायच्या स्पर्धांसाठी, घोटवून घेतलेली एकच झोपडी, एकच नदी आणि दोन डोंगरांच्या मधला एकच सूर्य घेऊन ती त्यांच्याकडे आली होती. कोलकात्याच्या आसपास पन्नास कोसांत डोंगर नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. तो सूर्य त्यांच्या हातून सोडवताना नाफड्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता. आणि आता सानिका, आठ वर्षांची, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी, गुडघ्यांवर रांगत चित्राच्या अगदी जवळ गेली होती आणि तिने दिव्याचं विचारलं होतं.

“वाऱ्याने विझला असेल,” ते म्हणाले.

“नाही ना. वाऱ्याने विझला तर आजीचे केस उडले असते.” तिने नाक कॅनव्हासला लावलं. “आणि धूर अजून आहे. म्हणजे आत्ताच विझवलाय. म्हणजे तो माणूस अजून इथेच आहे. बघा ना, आजी त्याच्याकडेच बघतेय.”

चित्रातली कुसुम समोर बघत होती. सहाही मुलांनी तिच्या नजरेच्या रोखाने मान वळवली, आणि तिथे हातात चहाचा रिकामा कप घेऊन नाफडे उभे होते.

साडेअकराला मुलं गेली. नाफड्यांनी चादर झटकली, घडी केली, खडूचे तुकडे डब्यात भरले, आणि मग चित्रासमोर मोडा, वेताचं बुटकं आसन, ओढून बसले. त्यांना राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. सानिकाचा नक्कीच नाही. त्या दिव्याचा असावा. सात महिन्यांत त्यांनी त्या वातीवर अकरा वेळा ज्योत रंगवली होती आणि अकरा वेळा सुरीने खरवडून काढली होती. पिवळा घेतला तर ती लिंबाच्या फोडीसारखी दिसे. आत पांढरा टाकला तर लग्नपत्रिकेवरच्या समईसारखी. कडेला निळा लावला, भोवतीची हवा गडद केली, कुसुमच्या हनुवटीवर उजेड पाडला. हनुवटीवरचा उजेड जमला, अगदी खरा जमला, पण ज्याच्यामुळे तो पडायचा ती ज्योत मात्र कोणीतरी वरून चिकटवल्यासारखी. खरवडून खरवडून तिथलं कापड पातळ झालं होतं. शेवटी कंटाळून त्यांनी वात काळी ठेवली, हनुवटीवरचा उजेड पुसला, आणि बोटाला लागलेला राखी रंग पुसायचा म्हणून वातीच्या वर एक सरळ रेघ ओढली. तोच धूर. दमलेल्या माणसाने बोट पुसलं होतं, एवढंच.

आणि तेवढ्यावरच नूपुर भाळली होती. नूपुर म्हणजे गॅलरीची मुलगी. तीस-बत्तीसची, हुशार, भराभर बोलणारी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, पिंपळपानावरच्या गणपतींच्या आणि भरतकामाच्या उशांच्या शेजारी नाफड्यांची दोन चित्रं टांगली होती, ती पाहून तिने त्यांना शोधून काढलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचं चित्र पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या गॅलरीत लागणार होतं. ती त्यांना ‘काकू’ म्हणायची, कारण बंगालीत काका तो काकू, आणि कुसुमला याचं कोण हसू येई. “काकूंचा फोन आहे का? द्या काकूंना,” असं कुसुम स्वतःच म्हणत त्यांच्याकडे फोन द्यायची. नूपुरने दार बंद करवून चित्र बघितलं, कुसुमला न दाखवण्याची अट पाळली, आणि दिव्यापाशी येऊन डोळे मिटले. “काकू, हे तर कमाल आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांनी ज्योत काढली असती.” “अगं, मला ज्योत जमत नाही,” ते म्हणाले. “तेच तर!” नूपुर म्हणाली. “तेच तर सांगतंय चित्र.”

काल रात्री तिने चित्राशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर पाठवला होता. त्यात पाण्यातलं जहाज हे स्थलांतराचं प्रतीक होतं. साडीच्या काठातून निघालेले पाइप हे घरात घुसलेल्या उद्योगयुगाचं. आणि विझलेला दिवा हा स्त्रीच्या दडपलेल्या आकांक्षांचा. चित्राचं नाव नाफड्यांनी ‘कुसुम’ ठेवलं होतं, ते जाऊन ‘शमलेली ज्योत’ झालं होतं. खाली लिहिलं होतं, रविवारी दोनपर्यंत हो म्हणा, पाटी छापायला द्यायची आहे. त्यांनी तो मजकूर चार वेळा वाचला. त्यात खोटं म्हणावं असं काही नव्हतं. जहाज होतं ते बजबजच्या धक्क्याला लागणारं तेलाचं जहाज होतं. तिथल्या तेल-डेपोच्या क्वार्टरमध्ये राहताना एकवीस वर्षं त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. पाइप होते ते डेपोचे पाइप होते, कुसुम त्यांच्यावर गोधड्या वाळत घालायची आणि ते तिला रागवायचे. खरं कुठे संपलं आणि प्रतीक कुठे सुरू झालं, हे त्यांना सांगता आलं नसतं. पण मुलांना ते दोन वर्षं सांगत होते की चित्रात झाड काढलं तर ते आधी झाड असू द्या. इथे तर दिवा हा दिवासुद्धा नव्हता. तो न जमलेला दिवा होता, आणि न जमण्याचं कारण त्यांना कालपर्यंत ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक नाही असं ते धरून चालले होते.

“मुलं गेली?” कुसुमने स्वयंपाकघरातून विचारलं. “जेवायला वाढू का चित्राला नैवेद्य दाखवू आधी?”

“ये की. बघून घे. कापड निघालंय.”

“झालं का पूर्ण?”

त्यांनी वातीवरच्या खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“मग नको. अर्धवट स्वतःला बघायची मला हौस नाही. आरशात रोज बघतेच आहे.” भांड्यांचा आवाज झाला. “आणि त्या नूपुरने काय लिहिलंय म्हणालात काल? दडपलेल्या काय?”

“आकांक्षा.”

“माझ्या? तिला कोणी सांगितलं?” ती मोकळेपणी हसली. “मला विचारायचं तरी. एक-दोन मीही सुचवल्या असत्या.”

असं बोलायची तिची रीत. सेहेचाळीस वर्षांत तिचा आवाज चढलेला त्यांना आठवत नव्हता. ती समोर बसली नाही तरी त्यांनी तिचा चेहरा मनातून रंगवला होता आणि त्यात कुठे अडलं नव्हतं. कानामागची बट, उजवी भुवई किंचित वर, सगळं हाताला पाठ होतं. तिच्या सवयीही पाठ होत्या. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की हात जोडून ती तिथेच बसून राहायची, उठायची नाही. “तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,” म्हणायची. तिला देवाशी एकटीने चार शब्द बोलायचे असतील, असं समजून ते निमूट बाहेर येत. इतकी वर्षं.

धूर अजून आहे, म्हणजे तो माणूस अजून इथेच आहे. आठ वर्षांच्या पोरीने हे कुठून काढलं? नाफड्यांनी मोडा मागे सरकवला, पुन्हा पुढे ओढला. चित्रातल्या नजरेतून बाजूला व्हावं म्हणून डावीकडे बसले, तर ती डावीकडे बघत होती. मग त्यांना बजबजच्या डेपोचं फाटक आठवलं. फाटकाशी पत्र्याची एक पेटी असायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाने, ड्रायव्हर असो की साहेब, खिशातली काडेपेटी त्यात टाकायची आणि परतताना घ्यायची. सुरक्षा अधिकारी म्हणून ती पेटी नाफड्यांच्या ताब्यात होती. पलीकडे तेलाच्या पांढऱ्या टाक्या, आणि एका ठिणगीचं काय होतं त्याचे फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतच असं झालं की कुठेही ज्योत दिसली की त्यांचं तोंड आपोआप गोल व्हायचं. केकवरच्या मेणबत्त्या वाढदिवसाच्या मुलाच्या आधी त्यांनी फुंकल्या होत्या. घरातून निघताना स्टोव्ह बंद, डासांची उदबत्ती पाण्यात, कंदील शांत. हात किंवा फुंकर, विचार करावा लागत नसे. लोक हसत, कुसुम हसे. “आमच्याकडे सूर्यसुद्धा यांना विचारून उगवतो,” ती शेजारच्या बायकांना सांगायची.

एका वर्षी त्यांची आई वाईहून आली होती, नवरात्रासाठी. क्वार्टरमधल्या आतल्या खोलीत कुसुमने घट बसवला. थोरल्या सुनेकडून तो मान पहिल्यांदाच धाकटीकडे आला होता, तेही आईच्या देखरेखीखाली. मातीत धान्य रुजलं, रोज एक माळ चढली, आणि नऊ दिवस तेवायचा तो अखंड दिवा कुसुम डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती. पहाटे दोनदा उठून वात पुढे सारायची. बाहेर बंगाल्यांची पूजा सुरू झालेली, रस्त्यावर ढाक नावाचे ढोल वाजत होते, आणि त्या आवाजात सप्तमीला पहाटे, सहाच्या पाळीला निघताना, नाफड्यांनी खोलीत डोकावून मोजे शोधले, ते सापडले, आणि वळता वळता त्यांनी फुंकर मारली. बस. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. कळलं ते फाटकाशी, पेटीचं झाकण उघडताना. परत जायला सात मिनिटं लागली असती. पाळी सुरू झाली होती.

दुपारी घरी आले तेव्हा दिवा तेवत होता. पण आईचं तोंड बंद होतं आणि कुसुमच्या अंगठ्याला काजळी होती. “माझा डोळा लागला,” कुसुम आईला पुन्हा सांगत होती, “वात बुडाली तेलात.” ते दारात उभे राहून ऐकत होते. बोलायला तोंड उघडलं, आणि मग त्यांना वाटलं, आत्ता नको, आई गेल्यावर कुसुमला एकटीला सांगू. आई दसऱ्यानंतर गेली. मग वाटलं, आता कशाला. पुढच्या वर्षी घट पुन्हा वाईला गेला, थोरलीकडे, आणि कायमचा तिकडेच राहिला. आई चौदा वर्षं जगली. कोणाकडे हळदीकुंकवाला, कोणाच्या बारशाला, ती सहज, राग नसल्यासारखी सांगायची, “धाकटीच्या हातून दिवा शांत झाला होता हो एकदा.” आणि कुसुम शेजारी बसून पानाला चुना लावायची. तेहेतीस वर्षं होतील या सप्तमीला. कुसुमला वाटत असेल, वाऱ्याने गेला. किंवा तिला खरंच वाटत असेल की तिचा डोळा लागला. एवढंही त्यांना माहीत नव्हतं. आणि आता नूपुरच्या पाटीवर तोच दिवा कुठल्याशा आकांक्षांच्या नावावर चढून गॅलरीच्या भिंतीवर लागणार होता, आणि त्याखाली लोक शहाण्यासारखी मान हलवणार होते.

पावणेदोनला त्यांनी फोन लावला. नूपुरशी ते हिंदीत बोलत, ती बंगाली वळणाच्या हिंदीत बोले.

“नूपुर, पाटी छापू नको. दिव्याचं जे लिहिलंयस ते बरोबर नाही.”

“काकू, आता? प्रेसवाला माझ्या डोक्यावर बसलाय. काय बरोबर नाही?”

“दिवा मी विझवला.”

“म्हणजे?”

“मी. फुंकर मारून. माझ्या घरातला, नवरात्रातला अखंड दिवा, मी विझवला. बायकोने दोष स्वतःवर घेतला आणि मी गप्प बसलो. प्रतीक वगैरे काही नाही. ती बघतेय ती माझ्याकडे बघतेय.”

त्यांना वाटलं, चला, निदान एका माणसाला कळलं. इतकं हलकं वाटलं की त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

“काकू,” नूपुर हळूच म्हणाली, “हे तर त्याहून जबरदस्त आहे. म्हणजे बघणारा प्रत्येक जण तो ‘मी’ होतो. प्रेक्षक हाच गुन्हेगार! पुरुषी नजर हीच फुंकर! थांबा, मी लिहून घेते. तुम्ही एवढे दिवस सांगितलं का नाही?”

“अगं, मी तुला खरं काय झालं ते सांगतोय!”

“हो हो, तेच. असंच लिहिते, ‘कलावंताची कबुली’. काकू, तुम्ही ग्रेट आहात.”

फोन बंद झाला. त्यांनी तो परत लावला, तो व्यस्त होता. पुन्हा लावला. मग त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला. आयुष्यात एकदाच एक गोष्ट तोंडातून बाहेर पडली होती, आणि ती हवेत असतानाच तिचं प्रतीक झालं होतं. हाताला काही लागलं तर फेकून मारावं असं वाटलं, पण जवळ खडूचा डबाच होता, आणि खडू मुलांचे होते.

पाठीमागे नळ बंद झाला होता. ते वळले तेव्हा कुसुम स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुढे धरून उभी होती. पदराला पुसायचंही तिला सुचलं नव्हतं. ती सरळ चित्रापाशी आली. चष्मा नव्हता म्हणून एक पाऊल आणखी पुढे गेली. पाटाखालचं जहाज तिने पाहिलं असावं, कारण तिच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. मग ती दिव्यापाशी थांबली.

“धूर चुकलाय,” ती म्हणाली.

“काय?”

“सरळ वर नव्हता गेला. खिडकी उघडी होती, नदीचा वारा होता. माझ्याकडे आला होता. डोळ्यांत गेला माझ्या.”

“तू कुठे होतीस?”

“स्वयंपाकघराच्या दारात. मघाशी इथे उभी होते तशी. दूधवाल्याची घंटा झाली म्हणून उठले होते. फुंकर मारून तुम्ही खाली वाकून मोजे घालत होता.”

“म्हणजे तुला... तुला माहीत होतं?”

“समोर झालं, माहीत नसायला काय.”

“मग आईला का नाही सांगितलंस? चौदा वर्षं ती बोलत होती. तू ऐकून घेतलंस!”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते,” कुसुम म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि त्यामुळे त्यांना तो सोसेना. “पहिल्यांदा वाटलं, संध्याकाळी सांगतील. मग वाटलं, आई गेल्यावर मला तरी. नंतर थांबायची सवयच लागली. आता सांगितलंत. हिंदीत. त्या पोरीला.”

“कुसुम, मी आज...”

“मराठीत कधी सांगणार होता?”

त्यांनी चित्राकडे पाहिलं. रंग पेटीत होते, राखी रंग वर होता, धूर तिच्या डोळ्यांकडे वळवायला दोन मिनिटं पुरली असती. त्यांनी ब्रश उचललासुद्धा. पण तेलाच्या रंगावर तेलाचा रंग, तो आज वाळला नसता, आणि टेम्पोत कापड लागून सगळा चेहरा फराटला असता. तरीही ते कॅनव्हासकडे वळले, तेवढ्यात बेल वाजली. टेम्पोवाले जवळजवळ दोन तास आधी आले होते. सियालदहकडचा रस्ता चारनंतर तुंबतो म्हणून, असं त्यातला एक जण बंगालीत सांगत होता. दुसऱ्याने चित्र हवेच्या फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला घेतलं. पहिला वेढा कुसुमच्या चेहऱ्यावर आला, दुसरा दिव्यावर.

“सावकाश,” कुसुमच त्यांना म्हणाली. “कोपरा लागेल जिन्यात.”

मग जेवण झालं. दोघांनी आमटी-भात खाल्ला. “मीठ बरोबर आहे?” तिने विचारलं, “आहे,” ते म्हणाले. ते बोलायला गेले की शब्द मराठीत यायच्या आधीच त्यांना ते पाटीवर छापलेले दिसत: कबुली, अपराध, क्षमा. एकही शब्द त्यांच्या त्या पहाटेएवढा साधा नव्हता. दुपारभर ते बाल्कनीत बसून होते, मोबाइलवर नूपुरची नवी पाटी आली ती त्यांनी उघडली नाही. हॉलच्या भिंतीवर चित्राएवढा चौकोन स्वच्छ राहिला होता.

तिन्हीसांज झाली. कुसुमने देवापाशी निरांजन लावलं, तुपाचा वास पसरला. ते येऊन तिच्या शेजारी बसले. ज्योत लहान होती, अजिबात हलत नव्हती, आणि तिचा रंग पिवळा नव्हता, पांढरा नव्हता, कुठल्याच नळीतला नव्हता. अकरा वेळा खरवडली ती हीच. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं, आणि ओठ गोल होऊ लागल्याचं त्यांना जाणवलं. त्यांनी ते दातांत धरले.

“तुम्ही व्हा पुढे,” कुसुम म्हणाली. “मी आलेच.”

इतकी वर्षं त्यांनी हे ऐकलं होतं. देवाशी बोलायचं असेल, असं समजले होते.

“आज तू हो पुढे,” ते म्हणाले. “मी बसतो थोडा वेळ. मी बघतो दिव्याकडे.”

कुसुमने त्यांच्याकडे पाहिलं, उजवी भुवई किंचित वर. मग ज्योतीकडे पाहिलं. तिचा तळवा निरांजनाच्या बाजूला आला आणि आडोशासारखा तिथेच राहिला.

“नको,” ती म्हणाली. “व्हा तुम्ही.”

ते उठले. दारापर्यंतची चार पावलं त्यांनी श्वास रोखून टाकली.